मैदानावर कॅरव्हॅन आल्या की कौन्सिलला एवढा वेळ का लागतो? (इंग्लंड)

उत्तरायण

शुक्रवारी संध्याकाळी आमच्या घरामागच्या मैदानावर दहाबारा कॅरव्हॅन (गाडीमागे ओढायची फिरती घरं) येऊन लागल्या. मैदान कौन्सिलचं, म्हणजे इथल्या पालिकेचं. शनिवारी सकाळी तिथे पोरांचं फुटबॉल असतं, ते अर्थातच रद्द. १०१ ला फोन केला तर पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला आहे, कौन्सिलशी बोला. कौन्सिलच्या सुट्टीतल्या नंबरवर एका बाईंनी सगळं नीट लिहून घेतलं आणि सांगितलं की सोमवारी अधिकारी जाऊन पाहणी करतील.

सोमवारी! डबल यलो लाइनवर दोन मिनिटं गाडी उभी केली तर ज्यांची पावती तयार असते, त्यांना स्वतःच्या मालकीच्या मैदानावरून माणसं उठवायला आठवडा का लागतो, हे मला खरंच समजून घ्यायचं आहे. गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं, तर ट्रॅव्हलर (कॅरव्हॅनमध्ये राहणाऱ्या भटक्या) लोकांबद्दल तिथे जे लिहून आलं ते इथे देण्यासारखं नाही. त्यातले निम्मे शब्द या देशात आपल्यासाठीही वापरून झालेले आहेत. म्हणून इथे विचारतोय. कायदा माहीत असलेल्यांनी लिहा. शिव्या नकोत.

तिखटमीठ

आमच्याकडे दर उन्हाळ्यात हेच. लीगची मॅच रद्द, पिचवर गाड्यांच्या चाकोऱ्या, आणि गेल्यावर मागे कचऱ्याचा ढीग. तो उचलायचा खर्च आपल्या कौन्सिल टॅक्समधून. तुम्ही-आम्ही बागेत तंबू ठोकून बघा, तासाभरात उठवतील. नियम सरळ माणसाला, एवढंच काय ते समजायचं.

फाईलकरी

मी एका कौन्सिलच्या मालमत्ता विभागात काम करतो (कुठल्या ते विचारू नका). या फायली माझ्या टेबलावरून जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इंग्लंडमध्ये दुसऱ्याच्या जमिनीवर परवानगीशिवाय जाणं हा एरवी गुन्हा नाही. ती दिवाणी स्वरूपाची आगळीक आहे. जमिनीचा मालक न्यायालयात जाऊन ताबा मागू शकतो, पण नुसत्या घुसण्यावरून पोलीस कुणाला पकडू शकत नाहीत. तुम्हाला फोनवर मिळालेलं उत्तर टाळाटाळीचं वाटलं असेल, कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर होतं.

मग कौन्सिलच्या हातात काय? एक रस्ता कुठल्याही मालकाचा: काउंटी कोर्टात ताब्याचा दावा. माणसांची नावं माहीत नसतात, म्हणून प्रतिवादी 'अज्ञात व्यक्ती'. कागद कुणाच्या हातात द्यायचे हा प्रश्न येतो, त्याची सोय नियमांतच आहे. जमिनीत खुंट ठोकायचे आणि पारदर्शक पाकिटात घालून कागद त्यांना लावायचे. निवासी नसलेल्या जमिनीच्या बाबतीत कागद लावल्यापासून सुनावणीपर्यंत किमान दोन दिवस जावे लागतात. आदेश मिळाला की बेलिफ, म्हणजे कोर्टाचा हुकूम बजावून जागा रिकामी करणारे लोक.

दुसरा रस्ता फक्त कौन्सिलला आहे. १९९४ च्या क्रिमिनल जस्टिस अँड पब्लिक ऑर्डर कायद्याचं कलम ७७. यात कौन्सिल स्वतःच 'निघा' असा लेखी आदेश देते. शक्य तितक्या लवकर निघाले नाहीत, किंवा तीन महिन्यांत त्याच जागी गाडी घेऊन परत आले, तर तो गुन्हा. तरीही हलले नाहीत तर कलम ७८ खाली मॅजिस्ट्रेटकडून हटवण्याचा हुकूम आणायचा.

आता सोमवारची पाहणी. ती वेळकाढूपणा नाही, सगळ्या प्रकरणाचा पाया तीच असते. अधिकारी जाऊन विचारतो: किती कुटुंबं, मुलं किती, कुणी गरोदर आहे का, कुणी आजारी आहे का, दवाखान्याची तारीख आहे का, शाळेचं काय, किती दिवस थांबणार. हे सरकारच्या १९९४ च्याच परिपत्रकात सांगितलेलं आहे. पुढच्याच वर्षी वेल्डन कौन्सिलच्या खटल्यात न्यायमूर्ती सेडली यांनी स्पष्ट केलं की हटवायचं की नाही हे ठरवताना साध्या माणुसकीच्या गोष्टी विचारात घेणं कौन्सिलला बंधनकारक आहे. त्यात १९९८ च्या मानवी हक्क कायद्याखाली घर आणि कुटुंबाचा हक्क येतो. २०१० च्या समानता कायद्याखालचं कर्तव्यही येतं, कारण रोमानी जिप्सी आणि आयरिश ट्रॅव्हलर हे दोन्ही कायद्याच्या नजरेत वांशिक गट आहेत. पाहणी न करता आदेश काढला तर समोरचा वकील तो उडवून लावतो, आणि मग आठवड्याचे तीन आठवडे होतात. आमच्याकडे एक फॉर्मच आहे त्यासाठी, भरायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास शनिवारी देणारं माणूस ड्युटीवर नसतं, ही तक्रार मात्र रास्त आहे.

तिखटमीठ

२०२२ ला नवा कायदा आला ना? तेव्हा तर पेपरात मोठमोठ्या बातम्या होत्या की आता हा गुन्हा आहे, गाडी जप्त होणार, तुरुंग होणार. मग पोलीस अजून 'दिवाणी मामला' का म्हणतात?

फाईलकरी

आला. २८ जून २०२२ पासून लागू. १९९४ च्याच कायद्यात ६०सी हे कलम घातलं. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा अडीच हजार पौंडांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि गाडी जप्त करता येते. ती गाडी म्हणजे त्या कुटुंबाचं घर, हे लक्षात घ्या. पण नुसतं येऊन राहिलं म्हणून ते कलम लागत नाही. राहणाऱ्यांमुळे 'लक्षणीय' नुकसान, अडथळा किंवा त्रास झालेला असला पाहिजे, किंवा होण्याची शक्यता असली पाहिजे. शिवाय जा म्हणून सांगितल्यावर ते गेलेले नसले पाहिजेत. फुटबॉल रद्द होणं लक्षणीय अडथळा ठरतो का? एक इन्स्पेक्टर हो म्हणेल, दुसरा नाही म्हणेल.

त्याच्या आधीपासूनचं कलम ६१ आहे. दोन किंवा जास्त माणसं राहायच्या उद्देशाने आलेली, मालकाने जायला सांगितलेलं, आणि वर सहा किंवा जास्त वाहनं, नाहीतर नुकसान, अडथळा किंवा त्रास. तुमच्याकडे दहाबारा कॅरव्हॅन आहेत म्हणता, म्हणजे कौन्सिलने त्यांना जायला सांगितल्यावर पोलिसांना हे कलम वापरता आलं असतं. वापरलंच पाहिजे असं नाही, तो जागेवरच्या वरिष्ठ अधिकाऱ्याचा निर्णय. २०२२ मध्ये याच कलमाखाली परत न येण्याची मुदत तीनवरून बारा महिने केली होती. मे २०२४ मध्ये हाय कोर्टाने जाहीर केलं की बारा महिन्यांची ही मुदत मानवी हक्कांशी विसंगत आहे. इथे न्यायालयाच्या अशा घोषणेने कायदा आपोआप रद्द होत नाही, संसदेला बदलावा लागतो.

आणि एक गंमत. सरकारने २०१८ मध्ये लोकांची मतं मागवली, तेव्हा पोलीसप्रमुखांच्या राष्ट्रीय परिषदेनेच कळवलं होतं की आम्हाला जादा अधिकार नकोत, खरी अडचण थांबायला जागा नसण्याची आहे.

पावशेर

डेल फार्म आठवतं का कुणाला? बॅसिल्डनजवळची ट्रॅव्हलर लोकांची वस्ती. आम्ही तेव्हा एसेक्सलाच होतो, हेलिकॉप्टर घरावरून जायची. दहा वर्षं कौन्सिलला हलवता आलं नाही. त्या हिशोबाने तुमचा आठवडा म्हणजे काहीच नाही :)

फाईलकरी

पावशेर, ते प्रकरण वेगळं, आणि या दोन्हींची कायम गल्लत होते. डेल फार्मची जमीन त्या कुटुंबांनी विकत घेतलेली होती. पूर्वी तिथे भंगाराचं यार्ड होतं. ज्या भागात त्यांनी कॅरव्हॅन लावल्या त्या भागाला बांधकाम परवानगी नव्हती, ग्रीन बेल्ट (शहराभोवती मोकळा ठेवायचा पट्टा) होता. म्हणजे घुसखोरी नव्हती, नगररचनेचा भंग होता. म्हणून नोटिसा, अपिलं, फेरअपिलं यात दहा वर्षं गेली. ऑक्टोबर २०११ मध्ये ऐंशीएक कुटुंबं हलवली. पोलिसांसकट खर्च सत्तर लाख पौंडांच्या घरात. त्यातली बरीच माणसं नंतर कित्येक महिने शेजारच्याच रस्त्याच्या कडेला राहत होती.

सरकार दर जानेवारीत आणि जुलैमध्ये कॅरव्हॅनची मोजणी करतं. इंग्लंडभरात पंचवीस हजारांच्या आसपास निघतात. त्यातल्या बहुतेक परवानगी असलेल्या जागांवर असतात. दुसऱ्याच्या जमिनीवर विनापरवाना उभ्या असलेल्या शंभरात तीन-चार. आपल्याला दिसतात त्या तेवढ्याच, कारण त्या आपल्या मैदानावर असतात.

गोदाकाठ

या चर्चेत नेहमी एक गोष्ट सुटते, ती म्हणजे हे मैदानावर का येतात.

पूर्वी हे लोक थांबायचे सार्वजनिक माळांवर, रस्त्याच्या रुंद गवताळ कडांवर, हॉप आणि फळांच्या हंगामात शेतकऱ्याच्या वावरात. १९६० च्या कायद्याने कॅरव्हॅनच्या जागेला परवाना सक्तीचा केला आणि सार्वजनिक माळ त्यांना बंद करायचे अधिकार कौन्सिलांना दिले. कौन्सिलांनी ते भराभर वापरले. मग हे लोक दिसतील तिथे थांबायला लागले. त्यावर तोड म्हणून एरिक लुबॉक या लिबरल खासदाराने १९६८ मध्ये कॅरव्हॅन साइट्स कायदा आणला. कौन्सिलने आपल्या भागात राहणाऱ्या आणि येणाऱ्या जिप्सींसाठी जागा दिलीच पाहिजे, असं कर्तव्य त्यात होतं. जागा केल्या की त्या बदल्यात इतरत्र थांबलेल्यांना हटवण्याचे जादा अधिकार मिळत. काही कौन्सिलांनी केल्या, बऱ्याच जणांनी वीस वर्षं टोलवाटोलवी केली. ज्या झाल्या त्याही बऱ्याचदा मोटरवेच्या कडेला, मैलापाण्याच्या प्लांटला लागून.

१९९२ च्या मे महिन्यात कॅसलमॉर्टनच्या माळावर हजारो पोरांनी आठवडाभर गाणीबजावणी केली. त्यांचा या परंपरागत भटक्यांशी काही संबंध नव्हता. पण त्यानंतर जो १९९४ चा कायदा आला, त्याच एका कायद्याने हटवण्याचे अधिकार वाढवले आणि जागा देण्याचं कर्तव्य काढून टाकलं. फाईलकरींची सगळी कलमं ज्या पुस्तकात आहेत, त्याच पुस्तकात. वेल्सने २०१४ च्या गृहनिर्माण कायद्यात ते कर्तव्य परत आणलं. इंग्लंडमध्ये ते अजून नाही.

आता थोडं अवांतर. आठव्या हेन्रीच्या काळात, १५३० मध्ये, या लोकांना देशाबाहेर काढायचा कायदा झाला होता. १५५४ मध्ये नुसतं इथे राहण्याबद्दल मृत्युदंड आला. हेच राज्यकर्ते आपल्याकडे आल्यावर १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. पारधी, कैकाडी, भामटे यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवून हजेरी लावायला लावली, सोलापूरला तारेच्या कुंपणात ठेवलं. ते कुंपण सुटायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जे लिहून येतं त्याची मुळं बरीच जुनी आहेत.

तिखटमीठ

गोदाकाठ, इतिहास वाचला, आवडलाही. पण हेन्रीने जे केलं त्याची भरपाई माझ्या पोराच्या फुटबॉल पिचने का करायची? आणि कचऱ्यावर कुणी बोलतच नाहीये. मी स्वतः पाहिलंय, झाडांच्या फांद्या, टारचे तुकडे, जुने फ्रिज. ते काही घरातला कचरा नव्हता, धंद्याचा होता.

बाराखडी

कचऱ्याचा त्रास खरा आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. ज्याने धंद्याचा कचरा टाकला त्याच्यावर त्याचा वेगळा गुन्हा लागतो, लावावा. कॅरव्हॅनमध्ये राहतो म्हणून तो माफ होत नाही.

पण घरच्या कचऱ्याचं काय करायचं? मी प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्याकडे अधूनमधून ही मुलं येतात, दोन आठवडे, तीन आठवडे. एका आईने मला विचारलं होतं, रिसायकलिंग सेंटरला गेले तर पत्त्याचा पुरावा मागतात, तो मी कुठून आणू? डॉक्टरकडे नाव घालताना तोच प्रश्न. हॉस्पिटलचं पत्र आधीच्या गावी जातं, तारीख चुकते, मग रांगेत पुन्हा शेवटी. मुलाचं वाचन कुठवर आलंय हे आम्हाला कळेपर्यंत त्यांना निघायची नोटीस आलेली असते. काही शाळा तर 'जागा नाही' म्हणून सरळ वाटेला लावतात. ते नियमात बसत नाही, तरी होतं.

पावशेर

लीड्सला वेगळं करतात म्हणे. माझा मेव्हणा तिथे असतो, तो सांगत होता की कौन्सिलच टॉयलेट आणून ठेवते.

फाईलकरी

हो, त्याला तिथे वाटाघाटीने थांबा म्हणतात. लीड्स कौन्सिल आणि तिथली ट्रॅव्हलर लोकांची संस्था 'लीड्स गेट' यांनी मिळून बसवलेली पद्धत. कौन्सिल अमुक जागी अमुक दिवस थांबू देते. फिरती शौचालयं आणि कचऱ्याचे डबे पुरवते. राहणारे लेखी कबूल करतात की शेकोटी कुठे पेटवायची, जनावरं कुठे बांधायची, कचरा कुठे टाकायचा, कधी निघायचं. जागा सोयीची नसेल, म्हणजे समजा फुटबॉलचं मैदान असेल, तर दुसरी दाखवते. कोर्ट, बेलिफ आणि मागाहूनची सफाई यांच्या मानाने हे बरंच स्वस्त पडतं. आमच्या ऑफिसात हा विषय मांडला तर पहिला प्रश्न आला, 'निवडणूक कधी आहे?' असो.

उत्तरायण

ताजी खबर. सोमवारी अधिकारी येऊन गेले. मंगळवारी खुंट लागले, फाईलकरींनी लिहिलं होतं तसेच, प्लॅस्टिकच्या पाकिटात कागद. शुक्रवारची तारीख होती. गुरुवारी सकाळीच सगळे निघून गेले. कचरा थोडा होता, बराचसा पिशव्यांत बांधून फाटकापाशी ठेवलेला.

आता कौन्सिल मैदानाभोवती मातीचा बांध घालणार आहे आणि फाटकाला उंचीचा आडवा बार लावणार आहे. ग्रुपवर आनंदीआनंद. त्याने काम होतं का?

फाईलकरी

तुमच्या मैदानापुरतं होतं. मग ते शेजारच्या शाळेच्या मैदानावर जातात, तिथे बांध घातला की पलीकडच्या कौन्सिलच्या कार पार्कमध्ये. आमच्याकडे बांध घालायला दिला त्याच महिन्यात शेजारच्या कौन्सिलचा त्राग्याचा मेल आला. शिवाय गवत कापायचं मशीन आत जात नाही म्हणून उद्यान विभाग आमच्यावर चिडलेला, ते निराळंच.

कागदी बांधाचाही प्रयोग झालाय. २०१५ मध्ये हार्लोपासून सुरुवात झाली, आणि २०२० पर्यंत ३८ ठिकाणी कौन्सिलांनी न्यायालयांकडून सरसकट मनाईहुकूम आणले. कधीही, कुणीही, या यादीतल्या कुठल्याच जागेवर थांबायचं नाही. अजून जो आलेलाच नाही त्याच्याविरुद्धही. हे सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि वुल्वरहॅम्प्टनच्या खटल्यात नोव्हेंबर २०२३ मध्ये निकाल लागला. असा हुकूम देता येतो, पण खरोखर निकड असेल तरच, ठरावीक जागेपुरता, ठरावीक काळापुरता. आणि कौन्सिलने आधी दाखवायचं की थांबायला दुसरी जागा देण्याच्या दृष्टीने तिने काय केलं. तिथेच बहुतेकांची अडचण होते.

तिखटमीठ, तुमच्यासाठी मुद्दाम लिहितो, कारण तुम्हाला ते लवकर हलायला हवे आहेत. पोलिसांच्या हातातलं सगळ्यात जलद हत्यार ६०सी नाही आणि ६१ पण नाही. कलम ६२ए आहे. त्यात सहा गाड्या लागत नाहीत, एक पुरते. नुकसान दाखवावं लागत नाही. जमिनीच्या मालकाने पोलिसांना विनंती करायची, बस. अट एकच: त्याच कौन्सिलच्या हद्दीत त्या कॅरव्हॅनसाठी योग्य अशी रिकामी जागा असली पाहिजे, आणि ती आहे असं कौन्सिलने पोलिसांना सांगता आलं पाहिजे. ज्या कौन्सिलांकडे तात्पुरत्या थांब्याची साइट आहे, तिथे हे प्रकरण कधीकधी दुपारी सुरू होऊन संध्याकाळी मिटतं. 'इथे नाही, तिकडे नळ-शौचालयासकट जागा आहे, तिकडे जा.' ज्यांच्याकडे नाही, त्यांच्यासाठी ते कलम पुस्तकातच राहतं.

तिखटमीठ

मग आमच्या कौन्सिलने अशी साइट का नाही केली?

फाईलकरी

तुमच्या कौन्सिलचं मला माहीत नाही. पण सर्वसाधारणपणे स्थानिक आराखड्यात (कुठली जमीन कशासाठी वापरायची ते त्यात ठरतं) आठदहा कॅरव्हॅनची साइट सुचवली जाते आणि हरकतींची पोती येतात. पिच खराब झालं म्हणून जे फोन करतात त्यांचीच नावं त्यात असतात. नगरसेवक घाबरतात, जागा आराखड्यातून वगळली जाते. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा खुंट आणि पाकिटं.

उत्तरायण

हे वाचून आमच्या कौन्सिलच्या साइटवर शोधलं. नवीन आराखड्याच्या मसुद्यात खरंच एक तात्पुरता थांबा सुचवलाय, रिंगरोडला लागून, जुन्या रस्ते डेपोच्या जागेवर. सूचना-हरकतींची मुदत अजून आहे. आणि ग्रुपवर कुणीतरी विरोधाचा तयार मजकूर टाकलाय, 'कॉपी करा आणि पाठवा' म्हणून!

तिखटमीठ

रस्ते डेपो? तिथून मैदान दोन मैलांवर असेल. मला त्या साइटचं काही देणंघेणं नाही, पण ६२ए चं जे लिहिलंय ते खरं असेल तर मी बाजूने लिहीन. माझ्या कारणासाठी. चालेल का असं?

बाराखडी

चालेल की! मी माझ्या कारणासाठी लिहीन. रिंगरोडला लागून आहे म्हणजे आवाज आणि धुराचं काय, तेही विचारणार आहे. शाळा आणि बस किती लांब हेही.

फाईलकरी

कुणाचंही कारण चालतं, ते जमिनीच्या वापराशी संबंधित असलं म्हणजे झालं. रहदारी, पाणी, मलनिस्सारण, शाळा, गरज किती आहे, दुसरी जागा उपलब्ध आहे का. घरांच्या किमती पडतील या मुद्द्याला वजन नाही. 'ही माणसं नकोत' छापाचं पत्र दाखलच करून घेत नाहीत.

नाव-पत्ता द्यावा लागतो आणि नावासकट मजकूर जाहीर होतो, हे ग्रुपवर जरूर सांगा. एकच छापील मजकूर शंभर जणांनी पाठवला तर मुद्दा एकच धरला जातो, त्यामुळे चार ओळी का होईना, स्वतःच्या लिहा. आराखड्यात जागेला क्रमांक दिलेला असतो, तो वर टाकायला विसरू नका. त्याशिवाय आलेली पत्रं कुठल्या फायलीत लावायची हे शोधण्यात माझ्यासारख्याचा दिवस जातो.